विहिरीवरील पहारा

आमच्या एका वाचक भगिनींचें पत्र गेल्या महिन्यांत हातीं आलें. पत्र चार पानांचें आहे. त्यांपैकीं साडेतीन पानें संकोचाचीं आहेत आणि प्रश्न शेवटच्या अर्ध्या पानावर आहे. बाईंचें घर सोळा माणसांचें, चूल एक. नळाचें पाणी एक दिवसाआड येतें. मधल्या दिवशीं परसांतील विहिरीचें पाणी पिण्याला व स्वयंपाकाला लागतें. परसाच्या भिंतीपलीकडे बऱ्याच वर्षांचा एक पेट्रोलपंप आहे. गेल्या पावसाळ्यांत विहिरीच्या पाण्यास रॉकेलासारखा वास येतो असें बाईंना वाटलें, सासूबाईंनाही वाटलें; पुरुष मंडळींस मात्र तो जाणवला नाहीं. धाकट्या दिरांनीं पुढें उन्हाळ्यांत पाण्याची एक बाटली भरून प्रयोगशाळेंत पाठविली. ‘दोष आढळला नाहीं’ असा कागद आला आणि विषय मिटला. मामंजी म्हणाले, “आजोबांच्या वेळची विहीर आहे, तिला कांहीं होत नाहीं.” बाई मला विचारतात, “एका कागदानें विहीर निर्दोष ठरते काय? कीं मीच उगाच संशयी आहें?”

प्रश्न शास्त्राचा आहे, आणि तितकाच घराचाही आहे. उत्तर देण्यापूर्वीं मला एक जुनी कबुली द्यावयाची आहे.

१९६८ सालची गोष्ट. मी तेव्हां नऊ वर्षांचा होतों. आमच्या वाड्यांत वीज आली होती, पण ती वरचेवर जाई. म्हणून तिन्हीसांजेस कंदील भरून ठेवण्याचें काम माझ्याकडे असे. रॉकेल ओतावयाचें तें पडवींत बसूनच, अशी आजीची ताकीद होती. एके दिवशीं खेळावयास जाण्याची घाई होती. मी डबा, नरसाळें व कंदील घेऊन आडाच्या काठावर बसलों. डबा कलंडला. थोडें रॉकेल आडांत गेलें, बाकीचें काठालगतच्या मातींत जिरलें. मीं वर चार मुठी माती टाकली, डबा जागेवर नेऊन ठेवला आणि गप्प राहिलों.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं आजीनें तांब्या तोंडाशीं नेला आणि खालीं ठेवला. “पाण्याला वास येतो,” ती म्हणाली. वडिलांनीं हुंगून पाहिलें, काकांनीं पाहिलें. कोणास कांहीं लागलें नाहीं. “आई, तुला हल्लीं सगळ्यालाच वास येतो,” असें म्हणून काका हंसले. मी तेथेंच उभा होतों. तीन दिवस घरांतील सर्वांनीं तें पाणी घेतलें. माझ्या धाकट्या बहिणीची पेजही त्याच पाण्यांत शिजत होती. आजी मात्र शेजारच्या आडावरून स्वतः एक कळशी आणी आणि तेवढ्यावर भागवी. चौथ्या दिवशीं बहिणीस वांत्या होऊं लागल्या, तेव्हां माझें तोंड उघडलें. वांत्यांचें कारण दुसरेंही असूं शकेल. पण त्या रात्रीं मला दुसरें कारण सुचत नव्हतें.

दोन गडी लावून आड उपसला. वास गेला, सर्वांस हायसें वाटलें. मग आषाढांत झरे फुटले, पाणी चढलें, आणि आजी पुन्हां म्हणाली, “वास येतो.” या वेळीं कोणी हंसलें नाहीं. दिवाळीपर्यंत आम्हीं शेजारच्या आडाचें पाणी वाहिलें.

एकदां उपसून गेलेला वास परत कसा आला, हें कोडें मला पुष्कळ वर्षें होतें. त्याची उकल अगदीं साधी आहे. रॉकेल, पेट्रोल, डिझेल हीं सर्व पाण्यापेक्षां हलकीं. जमिनींत सांडलेलें इंधन खालीं झिरपूं लागलें म्हणजे वाटेंतील मातीच्या कणाकणांस चिकटून त्याचा कांहीं अंश मागें राहतो. उरलेलें भूजलाच्या पातळीपर्यंत पोंचतें व तेथें तरंगत पसरतें. उन्हाळ्यांत पातळी उतरते, तिच्याबरोबर हा थरही उतरतो आणि उतरतांना मातीस तेल फांसत जातो. पावसाळ्यांत पाणी चढतें तेव्हां तें फांसलेलें तेल पाण्याखालीं सांपडतें आणि थोडें थोडें विरघळत राहतें. म्हणजे आम्हीं उपसलें तें आडांतलें पाणी. दोष होता तो आडाभोंवतींच्या मातींत.

विरघळणाऱ्या अंशांत सर्वांत घातक म्हणजे बेन्झीन. रक्ताच्या कर्करोगाचें तें एक सिद्ध कारण आहे. पिण्याच्या पाण्यांत दर लिटरमागें १० मायक्रोग्रॅमपेक्षां अधिक बेन्झीन असूं नये, अशी जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा आहे. मास्तराची खोड म्हणून एक गणित मांडतों. १ ग्रॅम बेन्झीन १ लक्ष लिटर पाण्यास या मर्यादेवर आणून ठेवतें. तीन मीटर रुंदीच्या विहिरींत पांच मीटर पाणी असेल, तर तें सुमारें ३५,००० लिटर होतें. त्यास सुमारें ०.३५ ग्रॅम पुरें. हल्लींच्या पेट्रोलांत बेन्झीन शेंकडा एकपर्यंत असूं शकतें; म्हणजे तेवढें बेन्झीन सुमारें ३५ ग्रॅम पेट्रोलांत, लहानशा वाटीभर पेट्रोलांत, सांपडेल. प्रत्यक्षांत बरेंचसें उडून जाईल हें खरें. तथापि वाटी आणि विहीर यांचें प्रमाण लक्षांत राहावें, एवढ्यासाठीं हें गणित.

आतां घरगुती गोष्ट सोडून मोठ्या गोष्टीकडे वळूं.

पॅसिफिक महासागरांत हवाई बेटें आहेत. त्यांतील ओआहू बेटावर होनोलुलु शहर व पर्ल हार्बर हा अमेरिकेचा आरमारी तळ आहे. तेथील जमीन आपल्या दख्खनच्या पठाराप्रमाणेंच ज्वालामुखीच्या काळ्या पाषाणाची. आपला पाषाण सुमारें साडेसहा कोटी वर्षांचा, तेथील त्या मानानें तरुण व अधिक सच्छिद्र. परंतु पाणी सांठण्याची व वाहण्याची रीत सारखीच, म्हणजे थरांच्या सांध्यांतून, फटींतून आणि भोंकांच्या जाळ्यांतून. वराहमिहिरानें बृहत्संहितेंत भूजलाचा विचार करतांना जमिनींतील पाण्याच्या शिरा मानल्या आहेत. काळ्या पाषाणाच्या प्रदेशास ही कल्पना चांगली लागू पडते. ज्या शिरेंतून पाणी येतें, त्याच शिरेंतून विषही येतें.

त्या बेटावरील रेड हिल नांवाच्या डोंगराच्या पोटांत १९४० ते १९४३ या काळांत इंधनाच्या २० टांक्या खोदण्यांत आल्या. प्रत्येक टांकी सुमारें २५० फूट उंच, १०० फूट रुंद, आणि १ कोटी २५ लक्ष गॅलन इंधन मावेल एवढी. या टांक्यांच्या तळापासून अवघ्या १०० फुटांवर बेटाच्या गोड्या पाण्याचा मुख्य सांठा. युद्धकाळीं शत्रूच्या विमानांपासून इंधन लपविणें हा हेतु होता आणि तो साधला. पाण्यापासून इंधन लपविणें मात्र कोणास साधलें नाहीं. जानेवारी २०१४ मध्यें एका टांकींतून सुमारें २७,००० गॅलन इंधन गळालें. टांक्यांखालीं व भोंवतीं पहाऱ्याच्या विहिरी खणलेल्या होत्या. त्यांपैकीं कांहींत इंधनाचे अंश त्यापूर्वींही आढळत होते.

पुढें ६ मे २०२१ रोजीं इंधन एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणीं नेतांना नळांत अकस्मात् दाब वाढून नळ फुटला. सांडलेलें इंधन थोडेंच, असा समज झाला. वास्तविक सुमारें २०,००० गॅलन इंधन आग विझविण्याच्या व्यवस्थेंतील एका निचऱ्याच्या नळांत जाऊन बसलें होतें. टांकीच्या मापांत तूट दिसत होती. तिचा छडा कोणी लावला नाहीं. तो नळ सहा महिने तें ओझें वाहत राहिला. २० नोव्हेंबर २०२१ रोजीं भुयारांतील गाडीचा धक्का त्या नळास बसला, इंधन बाहेर पडलें, आणि आरमाराच्या पिण्याच्या पाण्याच्या विहिरींत उतरलें. त्या पाण्यावर सुमारें ९३,००० माणसें अवलंबून होतीं.

नोव्हेंबरच्या अखेरीस तळावरील कुटुंबांच्या तक्रारी सुरू झाल्या. न्हाणीघरांत इंधनाचा वास, पाण्यावर तेलाची झांक, मुलांच्या अंगावर पुरळ, डोकेदुखी, वांत्या. २८ नोव्हेंबरास ती विहीर बंद करण्यांत आली. परंतु दुसऱ्याच दिवशीं तळाच्या मुख्य अधिकाऱ्यानें पत्रक काढून, पाणी असुरक्षित असल्याचें कोणतेंही चिन्ह नाहीं आणि मी व माझे लोक तेंच पाणी पीत आहोंत, असें कळविलें. पुढें त्यास क्षमा मागावी लागली. कारण डिसेंबरच्या आरंभीं त्या विहिरीच्या पाण्याच्या नमुन्यांत डिझेलवर्गीय तेलाचें प्रमाण अब्जांत १,४०,००० भाग निघालें. राज्याच्या आरोग्य खात्याची मर्यादा ४०० भागांची होती. साडेतीनशें पट! कागदानें नाकाची साक्ष खरी ठरविली, पण तोंवर लोकांनीं तें पाणी पिऊन झालें होतें.

होनोलुलुच्या नागरी पाणीपुरवठा मंडळानें २ डिसेंबर २०२१ रोजीं आपली हालावा येथील मोठी विहीर बंद केली. तिच्या पाण्यांत दोष आला होता म्हणून नव्हे, तर ती उपसत राहिल्यास दूषित पाणी फटींतून तिच्याकडे ओढलें जाईल, या भीतीनें. हा विवेक फार महत्त्वाचा आहे. मार्च २०२२ मध्यें अमेरिकेच्या संरक्षणमंत्र्यांनीं टांक्या कायमच्या बंद करण्याचा निर्णय जाहीर केला. ऑक्टोबर २०२३ पासून सुमारें १० कोटी ४० लक्ष गॅलन इंधन बाहेर काढण्यांत आलें. मे २०२५ मध्यें तेथील न्यायालयानें पहिल्या १७ फिर्यादींस मिळून सुमारें ६,८०,००० डॉलर भरपाई ठरविली. टांक्या रिकाम्या झाल्या, तरी डोंगराभोंवतींच्या विहिरींवरचा पहारा संपला नाहीं. कारण पाषाणाच्या फटींत जें उरलें, तें कोणास उपसतां येत नाहीं.

हा पहारा कसा ठेवतात, हें आतां सांगतों. त्यांतच बाईंच्या प्रश्नाचें उत्तर आहे.

पहिली गोष्ट विहिरींची जागा. पहाऱ्याची विहीर म्हणजे चार बोटें ते वीतभर रुंदीची, नळी घातलेली खोल भोंक-विहीर. एक विहीर दोषस्थानाच्या वरच्या अंगास, एक जवळ, आणि एकाहून अधिक खालच्या अंगास हव्यात. वरचें अंग व खालचें अंग जमिनीच्या उतारावरून नेहमींच कळतें असें नाहीं. भूमितींत तीन बिंदूंनीं एक पातळी निश्चित होते, हें आपण शाळेंत शिकलों. तोच नियम येथें चालतो: तीन विहिरींतील पाण्याची उंची समुद्रसपाटीपासून मोजली म्हणजे भूजल कोणत्या दिशेस वाहतें तें निघतें.

दुसरी गोष्ट नळीच्या छिद्रांची. पाणी आंत यावें म्हणून नळीस जाळीदार भाग असतो. तो पाण्याच्या पातळीच्या थोडा वर व थोडा खालीं, असा दोन्हीकडे पसरलेला पाहिजे. तो फार खोल ठेवला तर वर तरंगणारें तेल नळींत शिरतच नाहीं, आणि विहीर खोटी ग्वाही देते.

तिसरी गोष्ट मापनाची. पाणी हलविण्यापूर्वीं एक मोजपट्टी आंत सोडतात. तिच्या टोंकाशीं असलेलें यंत्र तेल कोठें लागलें आणि पाणी कोठें लागलें, हें वेगवेगळें सांगतें. मग नळींतील सांचलेलें पाणी काढून, बाहेरून ताजें आलेलें पाणी हळूहळू कांचेच्या लहान कुपींत भरतात. कुपी कांठोकांठ भरावयाची. आंत हवेचा बुडबुडा राहतां कामा नये, नाहीं तर बेन्झीन उडून त्या हवेंत जातें व पाणी निर्दोष भासतें. कुपी बर्फांत ठेवून तत्काळ पाठवितात. सोबत शुद्ध पाण्याची एक बंद कुपीही प्रवासास जाते. तिच्यांत दोष निघाला, तर तो वाटेंतला किंवा प्रयोगशाळेंतला असें समजतें. पहारेकऱ्यावर हा दुसरा पहारा!

चौथी गोष्ट अप्रत्यक्ष खुणांची. जमिनींतील सूक्ष्म जंतु तेल हळूहळू खातात. खातांना ते पाण्यांतील प्राणवायु संपवितात, मग नायट्रेट वापरतात, आणि पुढें लोह विरघळून पाण्यांत येऊं लागतें. म्हणून पाण्यांत प्राणवायु अकस्मात् घटला व लोह वाढलें, तर तेलाचा संशय घ्यावा. हेच जंतु दूषित भूमीचे वैद्यही आहेत. पण त्यांचें औषध वर्षानुवर्षांचें असतें.

पांचवी गोष्ट काळाची, आणि ती सर्वांत मोठी. ‘आढळलें नाहीं’ याचा अर्थ इतकाच कीं त्या दिवशीं, त्या ठिकाणीं, त्या यंत्राच्या सूक्ष्मतेच्या मर्यादेंत आढळलें नाहीं. पाण्याची पातळी ऋतूबरोबर बदलते, म्हणून नमुनेही ऋतूऋतूंत घ्यावे लागतात, आणि कित्येक वर्षें घ्यावे लागतात. न्यायाच्या परिभाषेंत बोलावयाचें, तर अनुपलब्धि आणि अभाव या दोन गोष्टी एक नव्हेत. जें दिसण्याजोगें होतें आणि तरीही दिसलें नाहीं, त्याचाच अभाव सिद्ध होतो.

तेव्हां ताई, तुम्ही संशयी नाहीं. दिरांनीं बाटली पाठविली हें चांगलेंच केलें. त्यांस दोष देऊं नये. परंतु तो कागद पुन्हां उघडून पाहा. नेहमींच्या तपासणींत पाण्याचा जडपणा, क्षार, रोगजंतु इत्यादि पाहतात. बेन्झीन किंवा इंधनतेल मुद्दाम सांगितल्याखेरीज पाहत नाहींत. कागदावर तीं नांवेंच नसतील, तर जें शोधलें नाहीं तें सांपडलें नाहीं, एवढाच त्याचा अर्थ. शिवाय वास आला पावसाळ्यांत, नमुना घेतला उन्हाळ्यांत. आणि बाटली बहुधा प्लास्टिकची असेल.

सध्यां काय करावें तें क्रमानें लिहितों. खात्री होईपर्यंत त्या पाण्याचा पिण्याकडे व स्वयंपाकाकडे उपयोग थांबवावा, अंघोळीसही वापरूं नये. पाणी उकळल्यानें हा दोष जात नाहीं. हलका अंश वाफेबरोबर स्वयंपाकघरांत पसरतो आणि जड अंश पातेल्यांत राहतो. तुरटी, क्लोरीनची पूड किंवा गाळणीची कांडी यांचा येथें इलाज नाहीं. विहीर जोरानें उपसूं नये; तसें केल्यास भिंतीपलीकडील दोष अधिकच आपल्याकडे ओढला जाईल. आणि हें अत्यंत महत्त्वाचें: विहिरींत कोणासही उतरूं देऊं नये, आणि हवा चांगली आहे कीं नाहीं हें पाहण्यासाठीं दिवा सोडण्याची आपली जुनी रीत येथें मुळींच आचरूं नये. इंधनाची वाफ हवेहून जड असते, ती विहिरींत सांचते, आणि एका ठिणगीनें भडका उडतो.

येत्या पावसाळ्यांत पाणी चढल्यावर पुन्हां नमुना घ्यावा, बेन्झीन व इंधनतेल यांची तपासणी नांवें घालून मागावी, आणि कुपी प्रयोगशाळेकडूनच आणावी. जिल्ह्याच्या भूजल सर्वेक्षण यंत्रणेकडे व प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे लेखी अर्ज द्यावा. पेट्रोलपंपाच्या मालकांशीं भांडण न करतां एक गोष्ट विचारावी: रोजच्या सांठ्याच्या मोजणींत तूट येते काय? टांकी गळत असेल, तर हिशोबाची वही बहुधा विहिरीच्या आधीं बोलते. नवे पंप वस्तीपासून सामान्यतः ५० मीटर दूर असावेत असें केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानें जानेवारी २०२० मध्यें ठरविलें आहे. तुमच्या शेजारचा पंप त्यापूर्वींचा दिसतो, म्हणून डोळ्यांत तेल घालून पाहणें अधिकच अगत्याचें.

मामंजींस माझा नमस्कार सांगावा. आजोबांच्या वेळची विहीर म्हणून त्यांस तिचा अभिमान आहे, तो रास्त आहे. पण आजोबांच्या वेळीं भिंतीपलीकडे टांकी नव्हती. अमरकोशांत पाण्याच्या नांवांमध्यें ‘जीवन’ हेंही एक नांव दिलें आहे. तें ज्या विहिरीला शोभावें, तिची परीक्षा करणें हा तिचा अपमान नव्हे. आणि घरांतील दोन बायकांच्या नाकांनीं जें सांगितलें, तें ऐकून घेण्यांत घराच्या कर्त्या पुरुषांस कांहीं कमीपणा नाहीं.

माझी कबुली अर्धीच राहिली आहे. बहीण चार दिवसांत बरी झाली. वडिलांनीं मला एक चपराक मारली. आजीनें मात्र शब्दानेंही रागें भरलें नाहीं. रात्रीं तिच्याजवळ निजलों असतां ती एवढेंच म्हणाली, “सांडलें त्याचें कांहीं नाहीं रे. तीन दिवस पाहत राहिलास आणि बोलला नाहींस, त्याचें वाईट वाटतें.” त्यानंतर पुष्कळ वर्षें मी शाळेंत मुलांस शिकविलें, त्यांतील कोणी शाई सांडल्याचें आपण होऊन सांगितलें, तर मीं त्यास कधींही शिक्षा केली नाहीं.

बाईंनीं पावसाळ्यानंतर तपासणीचा निकाल अवश्य कळवावा. तो बरा असो वा वाईट, या सदरांत छापूं.